न पुसलेली पाटी

माझ्या आईची बरीच वर्षं अशी समजूत होती की तिचा मुलगा लष्करातल्या कुणा कर्नलसाहेबांच्या हाताखाली काम करतो. शेजारणींनाही ती तसंच सांगे. ‘मी कर्नलमध्ये काम करतो’ असं मी म्हणत असे आणि त्यातला ‘मध्ये’ तिने आपल्या सोयीने दुरुस्त करून घेतला होता. मीही कधी खुलासा केला नाही. खुलासा करायचा तर शांतपणे बसून समजावून सांगावं लागलं असतं आणि त्या वयात ते मला जमलं नसतं. या लेखात तो प्रयत्न आहे. तोही सगळ्या कर्नलचा नाही, त्यातल्या अगदी आतल्या एका खोलीचा, जिथे जागेचा हिशेब ठेवला जातो.

ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. आपण एखादी फाइल उघडतो तेव्हा पडद्यामागे कर्नल तिच्या नावाने एक नोंद तयार करतो : फाइल कुठली, कुणी उघडली, वाचन कुठवर आलं, आणि याच क्षणी दुसऱ्या कुणी तिला हात लावू नये म्हणून घातलेलं कुलूप उघडं आहे की बंद. फाइल मिटली की ही नोंद निकामी होते. चालू संगणकात अशा नोंदी सेकंदाला हजारोंनी जन्मतात आणि मरतात. त्या लिहायच्या मेमरीत, म्हणजे वीज गेली की कोऱ्या होणाऱ्या कामचलाऊ पाटीवर. साध्या प्रोग्रामला जागा लागली तर तो कर्नलकडे मागतो. पण कर्नलला स्वतःसाठी जागा लागली तर त्याने कुणाकडे मागायची? आणि काम झाल्यावर ती जागा परत करताना पाटी पुसून द्यायची, की तशीच ठेवायची?

शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल. मलाही तो तसाच वाटत होता. त्याची गंभीरता मला अभ्यासातून नव्हे, स्वतःच्या एका चुकीतून कळली. त्या चुकीकडे मी येणारच आहे, पण ती समजायला आधी थोडं मागे जावं लागेल.

*

सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स नावाचे प्राध्यापक होते. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा संपूर्ण कर्नल, १०,०००हून कमी ओळींचा, आपल्या विद्यार्थ्यांसाठी छापून काढला आणि त्यावर ओळीओळीने टीका लिहिली. ज्ञानेश्वरी जशी मूळ श्लोकांसह वाचावी तसं हे पुस्तक वाचायचं असतं. पुढे युनिक्सच्या मालकांनी मूळ मजकूर वर्गात शिकवायला मनाई केली आणि हे पुस्तक झेरॉक्सच्या रूपाने जगभर फिरत राहिलं. रीतसर प्रकाशित झालं ते १९९६ साली. माझ्या हाती आलेली प्रत कितव्या झेरॉक्सची झेरॉक्स होती कोण जाणे, तिच्यातले अर्धविराम आणि माशीचे डाग यांत फरक करणं कठीण होतं. ती अजून माझ्याकडे आहे.

या सहाव्या आवृत्तीत आपल्या प्रश्नाचं उत्तर फार सरळ आहे. कर्नलने स्वतःसाठी जागा मागायचीच नाही. यंत्र सुरू होण्याआधीच आकडे ठरलेले : प्रोसेस जास्तीत जास्त ५०, उघडलेल्या फाइली १०० आणि आयनोड, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींची कर्नलने मेमरीत ठेवलेली ओळखपत्रं, तीही १००. एवढ्या रकान्यांची कोष्टकं आधीच आखलेली. रिकामा रकाना शोधा, वापरा, मोकळा करा. १०१वं ओळखपत्र हवं झालं तर यंत्राच्या टर्मिनलवर कोष्टक भरल्याचा संदेश उमटायचा आणि मागणाऱ्याला नकार मिळायचा. ज्या पीडीपी-११ यंत्रावर हे चालायचं, तिथे कर्नलच्या वाट्याला एका वेळी ६४ किलोबाइटचाच टापू येत असे. आज मोबाइलवरून पाठवलेल्या एका साध्या फोटोलाही तो पुरायचा नाही. अशा ठिकाणी माणूस काटकसरीनेच राहतो. मला ही व्यवस्था आवडते. तिच्यात गळती नाही, तुकडे पडणं नाही. फक्त एक दोष आहे : ५०वा आणि ५१वा यांच्यातली भिंत कुणीतरी वर्षभरापूर्वी दुसऱ्याच कुठल्या खोलीत बसून बांधलेली असते.

यंत्रं मोठी झाली, जाळ्याने एकमेकांना जोडली गेली, आणि आधी आखलेली कोष्टकं पुरेनाशी झाली. मग कर्नललाही लागेल तेव्हा, लागेल तेवढी जागा कापून देणारा कुणी हवा झाला. या जागावाटपाची एक जुनी युक्ती होती. जागेचे तुकडे फक्त दोनाच्या पटीतच पाडायचे : ३२, ६४, १२८, २५६, ५१२ बाइट. मोठा तुकडा अर्धा करत जायचं, आणि दोन जुळे अर्धे मोकळे झाले की पुन्हा सांधायचे. इंग्रजीत त्या जुळ्यांना ‘बडी’, म्हणजे सोबती म्हणतात. डोनाल्ड नूथ यांच्या ग्रंथानुसार ही युक्ती १९६३ साली वापरली ती हॅरी मार्कोविट्झ यांनी. गुंतवणुकीचा धोका कसा वाटून घ्यावा या सिद्धांतासाठी १९९० साली ज्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेच हे मार्कोविट्झ. सिमस्क्रिप्ट ही संगणकभाषा घडवताना त्यांना हे सुचलं. स्वतंत्रपणे छापून आणली ती बेल लॅब्सच्या केनेथ नोल्टन यांनी, १९६५ साली. हे नोल्टन म्हणजे संगणकावर चित्रं आणि चलत्पट काढणाऱ्या पहिल्या पिढीतले. एक अर्थशास्त्रज्ञ, एक चित्रकार. जागावाटपाच्या इतिहासात व्याकरण शिकलेली माणसं उशिरा आली, हे मला नेहमी गमतीचं वाटतं.

दोनाच्या पटींचं गणित यंत्राला सोपं जातं, पण त्यात जागा जाते. ३०० बाइटांची नोंद ठेवायची तर २५६चा तुकडा पुरत नाही, ५१२चा द्यावा लागतो. २१२ बाइट वाया. १९८८ साली मॅक्यूसिक आणि कॅरल्स यांनी बर्कलीच्या ४.३ बीएसडी युनिक्ससाठी जो वाटप करणारा लिहिला त्यात छोट्या मागण्यांना दोनाच्या पटीतले तुकडे दिले जात. तो वेगवान होता, आणि त्याने कर्नलमधल्या अनेक ठिकाणच्या घरगुती हिशेबवह्या एका जागी आणल्या, हे त्याचं मोठं काम. तरी ५१२च्या डब्यात ३०० बाइट ही गोष्ट राहिलीच.

इथवरच्या सगळ्या विचारांत एक समान गृहीत आहे. जागा म्हणजे मोकळी जमीन. मागणाऱ्याने क्षेत्रफळ सांगायचं, देणाऱ्याने मोजून द्यायचं. जमिनीवर काय बांधणार हा मागणाऱ्याचा प्रश्न. परत करताना त्याने बांधकाम पाडून सपाट जमीन परत करावी.

*

१९९४च्या उन्हाळ्यात बॉस्टनमध्ये युझनिक्स या संस्थेच्या परिषदेत सन मायक्रोसिस्टिम्सच्या जेफ बॉनविक याने एक निबंध वाचला. त्याचा विषय होता सोलारिस २.४च्या कर्नलसाठी लिहिलेला नवा वाटप करणारा. नाव स्लॅब ॲलोकेटर. मराठी माणसाला ‘स्लॅब’ म्हटलं की पावसाळ्याआधी रात्रीतून टाकायचा सिमेंटचा स्लॅब आठवतो. इथला स्लॅब म्हणजे मेमरीची एक किंवा अधिक सलग पानं, ज्यांतून एकाच प्रकारच्या वस्तू पाडायच्या.

निबंधाच्या सुरुवातीचं निरीक्षण साधं आहे. कर्नल ज्या वस्तू मागतो त्यांपैकी बऱ्याच वस्तूंच्या बाबतीत जागा मिळवायला जेवढा वेळ लागतो, त्याहून अधिक वेळ त्या जागेवर वस्तू उभी करायला लागतो. कुलूप तयार करा, याद्यांची टोकं बांधा, मोजणी शून्यावर आणा. काम संपलं की हे सगळं मोडा, जागा परत करा. आणि पुढच्याच क्षणी कुणीतरी तीच वस्तू मागतो. पुन्हा कुलूप, पुन्हा याद्या. बॉनविकचं म्हणणं, मोडता कशाला? वस्तू वापरून परत येते तेव्हा तिचं कुलूप उघडं असतं, याद्या रिकाम्या असतात, म्हणजेच ती नव्यासारखीच असते. तशीच ठेवा.

आमच्या गावी देवळाच्या कोठीत गावकीची भांडी असत. घंगाळं, पराती, मोठे टोप. लग्नकार्याला ज्याला हवी त्याने न्यायची, आणि परत आणताना घासून, मोजून, उपडी घालून ठेवायची. नव्या यजमानाने ती पुन्हा घासत बसायचं नाही. सगळा व्यवहार परत करणाऱ्याच्या सचोटीवर चाले. बॉनविकची योजना नेमकी हीच आहे. प्रत्येक प्रकारच्या वस्तूची वेगळी कोठी. कोठीत आलेली प्रत्येक वस्तू ‘मांडलेल्या’ स्थितीतच असली पाहिजे अशी अट. इंग्रजीत कोठीला ऑब्जेक्ट कॅशे म्हणतात. पण प्रोसेसरचा स्वतःचाही एक कॅशे असतो आणि त्याचा संबंध पुढे येणार आहे, म्हणून घोळ नको, मी कोठीच म्हणतो.

एकदा कोठी प्रकारवार झाली की पुढचे फायदे आपोआप येतात. ४,०९६ बाइटांच्या पानावर ५१२चे डबे ८ बसतात. त्याच पानावर ३०० बाइटांच्या वस्तू १३ बसतात : ३,९०० बाइट, आणि वर १९६ उरतात. त्या उरलेल्या जागेत स्लॅबची स्वतःची नोंद बसते. वाया जाणारी जागा एका स्लॅबमध्ये साडेबारा टक्क्यांच्या, म्हणजे एक अष्टमांशाच्या वर जाऊ द्यायची नाही असा नियम बॉनविकने घातला. शिवाय स्लॅबमधल्या किती वस्तू बाहेर गेल्या आहेत याचा एकच आकडा ठेवला की पुरतं. तो शून्यावर आला की अख्खा स्लॅब रिकामा झाला, पानं परत देता येतात. तुकडे सांधत बसायला नको. तीही लगेच द्यायची नाहीत. १५ सेकंदांच्या आत पुन्हा लागतील एवढा साठा जवळ ठेवायचा, नाहीतर दिलेलंच पुन्हा मागायची पाळी येते.

आणि मग रंग. हा भाग मी तरुणपणी वाचला तेव्हा खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या होत्या. प्रोसेसर मेमरीतून आणलेलं अलीकडचं काही आपल्याजवळच्या छोट्या कॅशेत ठेवतो, आणि कुठल्या पत्त्यावरची गोष्ट कॅशेच्या कुठल्या खणात जाणार हे पत्त्याच्या शेवटच्या आकड्यांवरून ठरतं. आता ३०० बाइटांचा प्रत्येक आयनोड ५१२च्या डब्यात, डब्याच्या सुरुवातीलाच ठेवला, आणि त्याचे पहिले ४८ बाइटच वारंवार वाचले जात असले, तर काय होईल? सगळ्या आयनोडांचे ते ४८ बाइट कॅशेच्या त्याच त्या खणांवर येऊन आदळतील. आयनोडांपुरता कॅशेचा फक्त ९ टक्के भाग उपयोगात, बाकीचा ओसाड. निबंधातलं हे उदाहरण दोनाच्या पटींवरचा सगळ्यांत मोठा आरोप आहे : नीटनेटकेपणामुळेच गर्दी होते. उपाय म्हणून बॉनविकने प्रत्येक स्लॅबमध्ये वस्तूंची सुरुवात थोडी थोडी सरकवली. पहिल्या स्लॅबमध्ये शून्यापासून, दुसऱ्यात ८ बाइट सोडून, तिसऱ्यात १६, असं उरलेली जागा संपेपर्यंत. या सरकवण्याला त्याने रंग म्हटलं. वाया जाणारीच जागा, तिचा असा उपयोग.

*

आता माझी चूक.

१९९६ साली मी पुण्यात एका छोट्या कंपनीत होतो. सोलारिसवर चालणाऱ्या एका साठवण-उपकरणाचा ड्रायव्हर आम्ही लिहीत होतो. डिस्कला एखादी विनंती पाठवली की मी तिच्या नावाची एक नोंद कोठीतून घ्यायचो आणि एक घड्याळ लावायचो. काम पुरं झालं की ‘झालं’ अशी खूण करून नोंद कोठीत परत. घड्याळ वाजलं की दुसरा एक छोटा प्रोग्राम उठायचा, नोंद बघायचा, ‘झालं’ची खूण असली तर गुपचूप झोपायचा, नसली तर विनंती रद्द करायचा.

दोष उघड आहे. काम झाल्यावर मी घड्याळ बंद करत नव्हतो. त्यामुळे घड्याळवाला उठायचा तेव्हा नोंद कधीच परत गेलेली असायची. तो दुसऱ्याच्या मालकीच्या जागेत डोकावत होता. तरी हे महिनोन् महिने बिनबोभाट चाललं. कारण कोठीतली पाटी पुसलेली नसते. परत केलेल्या नोंदीवर ‘झालं’ची खूण तशीच असायची. मेलेला माणूस दारात उभा राहून ‘सगळं ठीक आहे’ म्हणत होता आणि माझा प्रोग्राम समाधानाने परत फिरत होता.

एका वर्षअखेरीला एका गिऱ्हाइकाच्या यंत्रावर कामाचा ताण वाढला. ताण वाढला की कोठीतली वस्तू पडून राहत नाही. परत आली की लगेच दुसऱ्याला जाते. घड्याळवाला उठला, नोंद बघितली. ती आता दुसऱ्याच एका विनंतीची होती आणि तिच्यावर खूण नव्हती. त्याने ती रद्द केली. जी रद्द झाली ती एका रात्रीच्या हिशेबाची लिखाई होती. पुढचा रविवार तिथल्या चार कारकुनांनी पावत्या समोर ठेवून सगळं पुन्हा भरण्यात घालवला. मी तिथे गेलो तेव्हा त्यांतल्या एका बाईंनी मला चहा दिला आणि काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

चूक सापडली ती बॉनविकच्याच दुसऱ्या एका सोयीमुळे. यंत्राच्या एका फाइलीत एक ओळ घातली की कर्नल संशयी होतो. परत आलेल्या प्रत्येक वस्तूवर तो एक ठरावीक आकडा गिरवतो. सोळाच्या पटीत आकडे लिहिताना ए ते एफ ही अक्षरंही अंक म्हणून वापरतात, त्यामुळे आकड्यांचे शब्द करता येतात. हा शब्द होता ‘डेडबीफ’. नुकत्याच दिलेल्या, अजून काही न लिहिलेल्या जागेवर असायचं ‘बॅडकॅफे’. अशा संशयी कर्नलवर माझा ड्रायव्हर चालवला आणि पहिल्याच घड्याळाला यंत्र कोसळलं. त्याच्या मरणोत्तर नोंदीत, जिथे ‘झालं’ असायला हवं होतं तिथे, डेडबीफ. अडीच मिनिटांचं काम. आधीचे तीन आठवडे मी डिस्कच्या तारा बदलत होतो.

तेव्हापासून बॉनविकचा निबंध मी दोन प्रकारे वाचतो. वेगासाठी जपलेली स्मृती, आणि तिच्या आडोशाला लपणाऱ्या चुका. निबंधात दोन्ही आहेत. पहिली मुख्य भागात, दुसरी चुका शोधण्याच्या प्रकरणात. मी तरुणपणी पहिलंच वाचलं होतं.

*

पुढचा टप्पा २००१चा, पुन्हा बॉस्टन, पुन्हा युझनिक्स. बॉनविकबरोबर या वेळी जोनाथन ॲडम्स. तोवर एका यंत्रात अनेक प्रोसेसर आले होते आणि कोठीच्या एकाच दारावर रांग लागत होती. तोडगा असा की प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची एक छोटी थैली द्यायची, तिच्यात ठरावीक संख्येने वस्तू. थैलीला नाव दिलं मॅगझिन. बंदुकीत गोळ्यांचं असतं ते. एक लावलेलं, एक आधीचं. दोन्ही संपली की मग डेपोत जाऊन भरलेलं घेऊन यायचं. दोन का, तर एकच असतं तर काठावर फजिती होते : शेवटची वस्तू द्या, डेपोत जा, एक परत आली, जागा नाही, पुन्हा डेपोत जा. दोन असली की एका फेरीनंतर निदान एक मॅगझिनभर तरी निश्चिंती.

दिवाळी अंकाच्या वाचकांना इथे एक विषयांतर करून सांगायला हवं. मॅगझिन हा शब्द अरबी ‘मख्जन’वरून आला, अर्थ कोठार. दारूगोळ्याचं कोठार ते मॅगझिन, लेखांचं कोठार तेही मॅगझिन. आपला ‘खजिना’ त्याच अरबी धातूपासून झाला. बॉनविक आणि ॲडम्स यांच्या डोळ्यांपुढे बंदूक होती, पण शब्द फिरून आपल्या मूळ घरी आला.

*

सोलारिसच्या बाहेर या विचाराचं जे झालं ते अधिक गुंतागुंतीचं आहे. लिनक्ससाठी मार्क हेमेंट यांनी १९९६-९७ साली बॉनविकच्या निबंधावरून स्लॅब लिहिला आणि लिनक्स २.२पासून तो घराघरांत गेला. आपल्याकडे संगणक-संस्थांतून लिनक्सच्या सीडी वाटल्या जात होत्या तो हाच काळ. पुढच्या १० वर्षांत त्यावर इतकी ठिगळं लागली की २००७ साली सिलिकॉन ग्राफिक्समध्ये असलेल्या क्रिस्टोफ लॅमिटर यांनी नवा वाटप करणारा मांडला, स्लब. त्यांची तक्रार ऐकण्यासारखी होती. हजार प्रोसेसरांच्या यंत्रावर प्रत्येकाच्या थैल्या, आणि प्रत्येकाने इतरांसाठी राखलेल्या थैल्या, यांचा नुसता हिशेब ठेवायलाच कित्येक गिगाबाइट खर्ची पडत होते. वस्तू वेगळ्याच. कोठीवाल्याच्या वह्यांनीच कोठी भरली होती.

स्लबने वह्या कमी केल्या. रंग सोडून दिले. प्रोसेसरांचे कॅशे तोवर बदलले होते, एकाच पत्त्याला बसायला अनेक खण मिळू लागले होते. आणि त्याच वर्षी लिनक्सने आणखी एक गोष्ट काढून टाकली : वस्तू मोडण्याची पद्धत. मांडण्याची पद्धत उरली, पण वापरणारे मोजके. म्हणजे बॉनविकच्या निबंधाचा जो आत्मा, मांडलेली वस्तू मांडलेलीच ठेवायची, तोच लिनक्समध्ये जवळपास मावळला.

याला आळस म्हणता येणार नाही. १९९४ साली चार रकाने भरणं हे मोजण्याजोगं काम होतं. १०-१२ वर्षांत प्रोसेसर मेमरीच्या इतका पुढे निघून गेला की रकाने भरणं जवळजवळ फुकट झालं आणि ते रकाने मेमरीतून कॅशेत आणणं महाग. स्लॅब टाकताना वस्तू मांडून ठेवली, आणि ती वापरायला काढेपर्यंत कॅशेतून बाहेर गेली, तर मांडणीचा फायदा काय? उलट वापरायला घेतानाच मांडली तर मांडताना ती कॅशेत येते, आणि लगेच लागणारच असते. घासून ठेवलेलं भांडंही वर्षभर पडून राहिलं तर वापरण्याआधी विसळावंच लागतं. मला वाटतं, बॉनविक चुकला नव्हता. त्याच्या निबंधातलं उत्तर त्याच्या काळातल्या किमतींचं उत्तर होतं. आपण अभियांत्रिकीच्या वर्गांत उत्तरं शिकवतो आणि किमती सांगायला विसरतो, ही माझी जुनी तक्रार आहे.

तरी एक जागा अशी उरली जिथे न पुसलेली पाटी अजून लागते, आणि ती नेमकी माझ्या चुकीच्या जागी आहे. कर्नलमध्ये काही वाचन कुलूप न लावता केलं जातं. वाचणारा वस्तूपर्यंत पोचेपर्यंत ती परत जाऊन दुसऱ्याला दिली गेलेली असू शकते. हे मान्य करूनच नियम केला आहे : पोचल्यावर आधी वस्तूतलं कुलूप लावा, मग ही आपलीच का ते तपासा, नसेल तर सोडून द्या. यासाठी वस्तू कुणाचीही असो, परत गेलेली असो, तिच्यातलं कुलूप कायम कुलूपच राहिलं पाहिजे. म्हणून ते स्लॅब टाकताना एकदाच मांडतात आणि पुढे कधी पुसत नाहीत. प्रोसेसकडे आलेल्या संकेतांचं काय करायचं याची जी नोंद लिनक्स ठेवतो, ती अशीच आहे. माझ्या घड्याळवाल्याने डोकावण्याआधी ‘ही माझीच का?’ एवढं विचारलं असतं तर त्या चार जणांचा रविवार वाचला असता.

दुसरीकडे वारं उलट वाहू लागलं होतं. माझ्यासारख्याच्या हातून झालेली चूक दुसऱ्या कुणाला हत्यार म्हणून वापरता येते, हे एव्हाना स्पष्ट झालं होतं. परत केलेल्या वस्तूकडे बघणारा एखादा प्रोग्राम कर्नलमध्ये कुठेतरी असतो. हल्ला करणारा त्याच मापाची आपली वस्तू मागतो, ती नेमकी त्याच जागी येऊन बसते, आणि जुना प्रोग्राम तिच्यातलं सांगणं खरं मानून चालू लागतो. स्लबने जागा वाचवायला सारख्या मापाच्या कोठ्या एकत्र केल्या होत्या. त्याने हे आणखी सोपं झालं. मग २०१९ साली, लिनक्स ५.३मध्ये, यंत्र सुरू करताना द्यायची एक आज्ञा आली : दिलेली प्रत्येक जागा आधी शून्यांनी पुसून द्या. तिच्या जोडीला दुसरी : परत आलेली प्रत्येक जागा पुसून ठेवा. मांडून ठेवलेल्या कोठ्या दोन्हींतून वगळल्या आहेत, कारण पुसलं तर मांडणीच जाईल. २०२३ साली सर्वसाधारण मागण्यांच्या कोठ्या फोडण्याची सोयही आली. प्रत्येक मापाच्या अनेक प्रती, आणि कुठली मागणी कुठल्या प्रतीत जाईल ते यंत्र सुरू होताना ठरणाऱ्या एका यादृच्छिक आकड्यावर.

मार्च २०२४मध्ये लिनक्स ६.८ आला, तेव्हा हेमेंट यांनी सुरू केलेली स्लॅबची मूळ फाइल कर्नलमधून काढून टाकली गेली. वापरणारे उरले नव्हते, आणि दोन-दोन वाटप करणारे सांभाळणं जड जात होतं. मी ती बातमी वाचली आणि उगीचच जुनी आवृत्ती उघडून फाइलीच्या डोक्यावरची टीप वाचून काढली. तिच्यात हेमेंट यांचं नाव आहे, आणि बॉनविकच्या निबंधाचा उल्लेखही.

नाव मात्र गेलेलं नाही. कोठीतून वस्तू मागण्याची वाक्यं जिथे घोषित केली आहेत त्या फाइलीचं नाव अजून स्लॅबच आहे, वाटप स्लब करत असला तरी. स्लॅबना लागणारी पानं आजही मार्कोविट्झ-नोल्टन यांच्या जुळ्यांकडूनच येतात. आणि कुठल्या कोठीत किती वस्तू आहेत हे सांगणारी यादी अजून ‘स्लॅबइन्फो’ म्हणूनच उघडते. तिच्यात आयनोडांची ओळ आहे, संकेतांच्या नोंदींची आहे, आणि खाली सर्वसाधारण मागण्यांच्या मापांची : ३२, ६४, मध्येच एक ९६, १२८, मध्येच १९२, २५६, ५१२. पूर्वी ही यादी कुणालाही वाचता येई. पण कोठीत किती वस्तू उरल्या हे कळलं की हल्ला करणाऱ्याचा नेम सोपा होतो. आता मला माझ्याच लॅपटॉपवर ती बघायला पासवर्ड द्यावा लागतो.